रॅपर नास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नासबद्दल येणाऱ्या पत्रांत तेच वीसेक प्रश्न फिरून फिरून येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, वादाचे नंतर. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे, म्हणजे सगळं सलग वाचायची गरज नाही.

१. नास म्हणजे नक्की कोण? 'गली बॉय'च्या श्रेयनामावलीत नाव दिसलं, त्यापलीकडे काहीच माहीत नाही.

पूर्ण नाव नासिर बिन ओलू दारा जोन्स. जन्म १४ सप्टेंबर १९७३, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा, पण वाढला क्वीन्समधल्या क्वीन्सब्रिज वसाहतीत. १९९४ मध्ये, विशी नुकतीच गाठलेली असताना, त्याचा 'इल्मॅटिक' हा पहिला अल्बम आला आणि आजही हिप-हॉपमधल्या सर्वोत्तम अल्बमांची यादी त्याच्याशिवाय पुरी होत नाही. त्यानंतर तीस वर्षं तो गातोच आहे. मुंबईशी असलेल्या नात्यासाठी प्रश्न १७ पाहा.

२. नावावरून मुसलमान वाटतो. आहे का?

नावावरून ठरवू नका. साठ-सत्तरच्या दशकांत अनेक काळ्या अमेरिकन कुटुंबांनी गुलामीच्या काळात लादलेली नावं टाकून अरबी किंवा आफ्रिकी नावं घेतली. नासचे वडील जन्माने चार्ल्स जोन्स. त्यांनी 'ओलू दारा' हे योरुबा नाव घेतलं आणि मुलाच्या नावात ते ओवलं. नासच्या गाण्यांत बायबल येतं, प्राचीन इजिप्त येतो, न्यूयॉर्कच्या काळ्या वस्त्यांत रुजलेल्या 'फाइव्ह पर्सेंट' पंथाची परिभाषाही येते. एका चौकटीत बसवायला गेलात तर हाती काही लागत नाही.

३. वडील संगीतकार होते म्हणतात. मग नासनं संगीत शिकलं होतं का?

ओलू दारा मिसिसिपीतल्या नॅचेझचे. जॅझ आणि ब्लूज वाजवणारे, कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखं वाद्य त्यांचं मुख्य. नासनं लहानपणी थोडा ट्रम्पेट वाजवला, पण ते पुढे गेलं नाही. आई-वडील वेगळे झाले. आई फॅनी अ‍ॅन जोन्स टपाल खात्यात नोकरी करायच्या आणि घर त्यांच्यावर चालायचं. आठवीनंतर नासनं शाळा सोडली, पण वाचणं सोडलं नाही. त्याच्या शब्दसंपत्तीचं मूळ वर्गात शोधू नका.

वडिलांचं वाद्य मात्र 'इल्मॅटिक'वरच ऐकू येतं. तिसऱ्या ट्रॅकच्या शेवटी जो कॉर्नेट वाजतो, तो ओलू दारांचा. पुढे २००४ मध्ये 'ब्रिजिंग द गॅप' या गाण्यात बाप-लेक समोरासमोर आले: वडील ब्लूज गातात, मुलगा रॅप करतो.

४. क्वीन्सब्रिज ही झोपडपट्टी आहे का?

नाही. १९३९ मध्ये सुरू झालेली सरकारी घरांची वसाहत आहे, उत्तर अमेरिकेतली सर्वांत मोठी. क्वीन्सबरो पुलाच्या सावलीत विटांच्या सहामजली इमारती, तीन हजारांवर घरं. म्हाडाच्या सोडतीत घर मालकीचं होतं, तसं इथे होत नाही. घरं शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची आणि राहणारे भाडेकरू. सुरुवातीला कामगार कुटुंबांसाठी बांधलेल्या या वसाहतीला ऐंशीच्या दशकात क्रॅक कोकेननं पोखरलं.

त्याच काळात इथूनच मार्ली मार्ल, एमसी शान, रॉक्सॅन शांते ही मंडळी आली. हिप-हॉप जन्मलं कुठे यावरून ब्रॉन्क्सचा केआरएस-वन आणि क्वीन्सब्रिजचे लोक यांच्यात गाण्यांतून जुंपली, तेव्हा नास शाळकरी वयाचा होता. 'पूल संपला' असं रेडिओवर गाणं वाजतंय आणि आपण त्या पुलाखालीच राहतोय, हे ज्या पोरांनी ऐकलं त्यांतला तो एक.

मे १९९२ मध्ये त्याचा जिवलग मित्र आणि शेजारी विली ग्रॅहम, म्हणजे 'इल विल', वसाहतीतच गोळी लागून मेला. त्याच रात्री नासचा 'जंगल' टोपणनावाचा धाकटा भाऊही जखमी झाला. नासनं पुढे काढलेल्या लेबलचं नाव 'इल विल रेकॉर्ड्स' आहे. हे कळल्याशिवाय 'इल्मॅटिक'मधली मृत्यूची सततची जाणीव नीट उमगत नाही.

५. त्याला पहिली संधी कशी मिळाली?

एका कडव्यानं. १९९१ मध्ये मेन सोर्स या गटाच्या 'लाइव्ह अ‍ॅट द बार्बेक्यू' गाण्यात लार्ज प्रोफेसर या निर्मात्यानं त्याला पहिलं कडवं दिलं. सतरा-अठरा वर्षांच्या पोरानं त्यात असं काही बोलून दाखवलं की न्यूयॉर्कभर 'हा कोण?' सुरू झालं. मग रॅपर एमसी सर्चनं त्याला हाताशी धरलं, कोलंबिया रेकॉर्ड्सशी करार झाला आणि १९९२ मध्ये एका चित्रपटाच्या अल्बमवर 'हाफटाइम' हे त्याचं पहिलं एकल गाणं आलं.

६. 'इल्मॅटिक'मध्ये एवढं आहे तरी काय? दोनदा ऐकला, चांगला वाटला, पण हा गवगवा कळला नाही.

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो विचारायला कुणी लाजू नये. आज ऐकणाऱ्याला तो ओळखीचा वाटतो, कारण पुढच्या पिढ्यांनी त्याचीच नक्कल केली.

पहिली गोष्ट यमकाची. त्याआधीच्या बहुतेक रॅपमध्ये यमक ओळीच्या शेवटी यायचं. राकिम या रॅपरनं ते ओळीच्या पोटात नेलं आणि नासनं त्याची घनता वाढवली: एकाच ओळीत तीन-चार ठिकाणी जुळणारे, अनेक अक्षरांचे ध्वनी, आणि वाक्य मात्र ओळ संपली तरी न थांबता पुढच्या ओळीत वाहत जाणारं. मोठ्यानं म्हणून पाहिलंत की जीभ कुठे अडते ते कळेल. त्याची अडत नाही.

दुसरी गोष्ट नजरेची. तो खिडकीत बसलेल्या माणसासारखा सांगतो. बढाई मारतो, पण पुढच्याच क्षणी भीतीही कबूल करतो. 'वन लव्ह' हे गाणं तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांचं आहे. वस्तीत काय चाललंय, कुणाच्या घरी मूल झालं, कोण उलटला, याच्या बातम्या. शेवटच्या कडव्यात तो बारा वर्षांच्या एका पोराशी बोलतो आणि त्या पोराचं थंड डोकं पाहून स्वतःच हादरतो. उपदेश करायला एवढी जागा असताना तो फार कमी करतो.

तिसरी गोष्ट संगीताची. तेव्हा एका अल्बमला सहसा एकच निर्माता किंवा एकच चमू असायचा. इथे डीजे प्रीमिअर, पीट रॉक, क्यू-टिप, लार्ज प्रोफेसर आणि एल.ई.एस. असे पाच जण, आणि तरी अल्बम एकसंध. पीट रॉकनं अहमद जमालचा पियानो घेतला, लार्ज प्रोफेसरनं मायकल जॅक्सनच्या 'ह्यूमन नेचर'चा तुकडा. पाहुणा रॅपर फक्त एक, एझी.

मुखपृष्ठावरचा सात वर्षांचा नास वडिलांनी काढलेल्या फोटोतला आहे. मागे क्वीन्सब्रिजचा रस्ता छापला आहे.

७. त्यात गाणी नऊ की दहा? दोन्ही आकडे वाचलेत.

दोन्ही बरोबर. ट्रॅक दहा आहेत, पण पहिला 'द जेनेसिस' हा संवादांचा तुकडा आहे. त्यात जुन्या 'वाइल्ड स्टाइल' चित्रपटातले आवाज आहेत आणि मागे प्रश्न ५ मधलं तेच पहिलं कडवं पुसट ऐकू येतं. पूर्ण गाणी नऊ. सगळं मिळून चाळीस मिनिटांच्या आत.

८. एवढा मोठा अल्बम, मग तो आल्या आल्या खपला का नाही?

१९ एप्रिल १९९४ ला आला, बिलबोर्डच्या यादीत बाराव्या क्रमांकावर पोचला आणि घसरला. 'द सोर्स' मासिकानं पाचपैकी पाच माइक दिले, नव्या कलाकारासाठी हे जवळजवळ अकल्पनीय होतं. पण रेडिओला हवं तसं गाणं त्यात नव्हतं, आणि चोरट्या कॅसेटी रस्त्यावर आधीच फिरत होत्या. पाच लाखांचा गोल्ड टप्पा १९९६ मध्ये, दहा लाखांचा प्लॅटिनम २००१ मध्ये. २०२१ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तो घेतला.

९. 'इल्मॅटिक'नंतर नास संपला असं म्हणतात. खरं का?

नाही, आणि हे वाक्य मला आळशी वाटतं. ज्यांनी पहिल्या अल्बमपुढे फारसं ऐकलेलं नाही तेच बहुधा ते म्हणतात.

खरं असं की १९९६ चा 'इट वॉज रिटन' जाणूनबुजून वेगळा होता. चकचकीत, लॉरिन हिलच्या आवाजातलं 'इफ आय रूल्ड द वर्ल्ड' असलेला, थेट पहिल्या क्रमांकावर गेलेला. जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली. पण त्याच अल्बमवर 'आय गेव्ह यू पॉवर' आहे, ज्यात बोलणारा माणूस नसून बंदूक आहे. हातोहात फिरून कंटाळलेली, एकदा तरी चालायचंच नाही असं ठरवणारी. ते लिहिणारा माणूस संपलेला नव्हता.

घसरण झाली ती १९९९ मध्ये. 'आय अ‍ॅम' हा दोन भागांचा अल्बम व्हायचा होता. त्यातली गाणी प्रकाशनाआधीच इंटरनेटवर फुटली, अल्बम कापून एक केला, आणि त्याच वर्षी घाईनं 'नॅस्ट्राडेमस' आणला. तो कमजोरच आहे, बचाव करण्यात अर्थ नाही. गंमत म्हणजे बाजूला ठेवलेली गाणी २००२ मध्ये 'द लॉस्ट टेप्स' म्हणून निघाली आणि ती दोन्ही अल्बमांपेक्षा सरस निघाली! म्हणजे लेखणी शाबूत होती, निवड चुकत होती. बीट, म्हणजे ज्यावर रॅप करतात ते मागचं संगीत, निवडण्यात नास कच्चा आहे ही जुनी तक्रार मला बऱ्याच अंशी मान्य आहे, आणि त्यावरचा उपाय त्याला पंचेचाळिशी ओलांडल्यावर सापडला (प्रश्न १४).

१०. जे-झीशी भांडण नेमकं कशावरून? आणि जिंकलं कोण?

ठिणगी लहान. १९९६ मध्ये न्यूयॉर्कचाच रॅपर जे-झी यानं नासच्या आवाजाचा तुकडा आपल्या गाण्यात वापरला, नास प्रत्यक्ष गायला मात्र आला नाही. १९९७ मध्ये न्यूयॉर्कचा आघाडीचा रॅपर नोटोरियस बी.आय.जी. मारला गेल्यावर न्यूयॉर्कची गादी कुणाची, हा प्रश्न उरला. काही वर्षं टोमणे चालले. मग २००१ च्या उन्हाळ्यात जे-झीनं भर मैफलीत नासचं नाव घेतलं आणि ११ सप्टेंबर २००१ ला आलेल्या 'द ब्लूप्रिंट'वरच्या 'टेकओव्हर'मध्ये हिशेबच मांडला: दहा वर्षांत चांगला अल्बम एकच.

नासनं डिसेंबरमध्ये 'स्टिलमॅटिक'वर 'ईथर'नं उत्तर दिलं. मुद्देसूदपणात 'टेकओव्हर' वरचढ आहे, असं माझं आजही मत आहे. पण 'ईथर'मध्ये राग होता, टिंगल होती, आणि संपला म्हटलेला माणूस उभा राहिल्याचं नाट्य होतं. जे-झीनं मग नासच्या मुलीच्या आईला ओढणारं गाणं रेडिओवर सोडलं. ते जे-झीच्या आईला आवडलं नाही आणि तिच्या सांगण्यावरून त्याला जाहीर माफी मागावी लागली. लोकांनी निकाल तिथेच लावला: नास जिंकला.

ऑक्टोबर २००५ मध्ये न्यू जर्सीतल्या मैफलीत जे-झीनं नासला मंचावर बोलावून वाद मिटवला. २००६ मध्ये नास डेफ जॅम या रेकॉर्ड कंपनीकडे आला तेव्हा तिथला अध्यक्ष जे-झीच होता. त्यानंतर दोघांनी अनेक गाणी एकत्र केली, २०२१ मध्ये डीजे खालेदच्या अल्बमवरही.

११. टुपाकशीही वैर होतं ना?

होतं, पण थोडं आणि अर्धवट मिटलेलं. सप्टेंबर १९९६ मध्ये एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यानंतर न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कमध्ये दोघं समोरासमोर आले आणि बोलून गैरसमज दूर झाले, असं नास सांगत आला आहे. तीनच दिवसांनी लास व्हेगासमध्ये टुपाकवर गोळ्या झाडल्या गेल्या, १३ सप्टेंबरला तो गेला. आधी ध्वनिमुद्रित झालेलं, नासवर तोंडसुख घेणारं गाणं मात्र त्याच्या मृत्यूनंतर आलेल्या अल्बमवर तसंच राहिलं. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की वैर शेवटपर्यंत होतं.

१२. २००८ च्या अल्बमला नावच का नाही?

काळ्या लोकांना गुलामीच्या काळापासून घातली जाणारी शिवी नासला नाव म्हणून द्यायची होती. नागरी हक्कांच्या चळवळीतल्या ज्येष्ठांनी विरोध केला, दुकानदार कचरले, आणि प्रकाशनाआधी काही आठवडे त्यानं नाव काढून टाकलं. दुसरं नाव द्यायलाही नकार दिला. नाव काय असणार होतं ते सगळ्यांना माहीतच आहे, असं त्याचं म्हणणं. मुखपृष्ठावर त्याची उघडी पाठ आहे आणि तिच्यावर चाबकाच्या वळांनी कोरलेलं 'एन' हे अक्षर.

१३. त्याच अल्बमची गाणी दुसऱ्यांनी लिहून दिली, हे खरं आहे का?

२०१२ मध्ये असा आरोप झाला. डेड प्रेझ गटाचा स्टिकमॅन आणि जे इलेक्ट्रॉनिका यांची नावं पुढे आली. दोघांनीही भूतलेखन केल्याचं नाकारलं आणि नासबद्दल आदरानं बोलले. काही गाण्यांवर एकत्र काम झालं ही गोष्ट वेगळी; संगीतात ते रोज होतं. तीन दशकांतली शैली ऐकली तर या आरोपात फार दम वाटत नाही.

१४. ग्रॅमी इतक्या उशिरा का?

तेरा नामांकनं रिकामी गेली. अखेर मार्च २०२१ मध्ये 'किंग्ज डिझीज'ला सर्वोत्तम रॅप अल्बमचा पुरस्कार मिळाला, वयाच्या ४७ व्या वर्षी. पुरस्कार समिती हिप-हॉपच्या बाबतीत कायमच मागे राहिली आहे, त्यामुळे 'का' याचं उत्तर तिनंच द्यावं. तोवर हार्वर्डनं २०१३ मध्ये त्याच्या नावानं हिप-हॉप अभ्यासाची पाठ्यवृत्तीही सुरू केली होती. आठवी शिकलेल्या माणसाच्या नावानं!

त्या अल्बमचं महत्त्व पुरस्कारापेक्षा हिट-बॉय या कॅलिफोर्नियाच्या निर्मात्यामुळे आहे. बीट निवडण्याचा घोळ संपला, कारण पूर्ण अल्बमची जबाबदारी एकाच कानावर आली. २०२० ते २०२३ या काळात दोघांनी सहा अल्बम काढले: 'किंग्ज डिझीज'चे तीन आणि 'मॅजिक'चे तीन. शेवटचा नासच्या पन्नासाव्या वाढदिवशी आला. या सहांत तो 'इल्मॅटिक'शी भांडत नाही. म्हातारपण, पैसा, गेलेले मित्र, कारभार, यांवर निवांत बोलतो. पन्नाशीतला रॅपर कशावर गातो हे ऐकायचं असेल तर 'किंग्ज डिझीज ३' ऐका, त्यात पाहुणा रॅपर एकही नाही.

१५. केलिसबरोबरच्या लग्नाचं काय झालं?

गायिका केलिसशी जानेवारी २००५ मध्ये लग्न, २००९ मध्ये फारकत, त्याच वर्षी मुलगा नाइटचा जन्म, २०१० मध्ये घटस्फोट. २०१२ च्या 'लाइफ इज गुड'च्या मुखपृष्ठावर नासच्या मांडीवर जो हिरवा पोशाख आहे तो तिच्या लग्नातला. घर सोडताना तिनं तेवढाच मागे ठेवला, असं तो सांगतो. गाणी हळवी आहेत, पण ती एका बाजूची कहाणी आहे. २०१८ मध्ये केलिसनं मुलाखतीत नासनं मारहाण आणि मानसिक छळ केल्याचा आरोप केला. नासनं तो नाकारला. गाणी आवडतात म्हणून ही नोंद पुसू नये.

१६. पहिल्या क्रमांकावरचे अल्बम पाच की सहा? आणि 'टॉप टेन'मध्ये गाणं आहे का?

त्याच्या स्वतःच्या नावावर पाच: 'इट वॉज रिटन', 'आय अ‍ॅम', 'हिप हॉप इज डेड', प्रश्न १२ मधला अनामिक अल्बम आणि 'लाइफ इज गुड'. सहा म्हणणारे त्याच्या 'द फर्म' या गटाचा १९९७ चा अल्बमही धरतात. गाण्यांच्या यादीत स्वतःचं मुख्य गाणं कधी पहिल्या दहांत गेलं नाही, 'आय कॅन' बाराव्यावर थांबलं. पाहुणा म्हणून मात्र तो पहिल्या दहांत पोचला, उदाहरणार्थ जेनिफर लोपेझच्या एका गाण्यात. प्रश्नमंजूषेत हा डाव हमखास टाकतात.

१७. मुंबईशी त्याचा खरंच संबंध आहे की नुसतं नाव वापरलं?

खरा आहे. झोया अख्तरच्या 'गली बॉय'चा तो कार्यकारी निर्माता होता आणि त्या चित्रपटासाठीच्या 'एनवाय से मुंबई'मध्ये डिव्हाइन, नेझी आणि रणवीर सिंगसोबत त्याचा आवाज आहे. २०१९ मध्येच त्याच्या भागीदारीतल्या मास अपील कंपनीनं युनिव्हर्सल म्युझिकसोबत 'मास अपील इंडिया' सुरू केली. पहिला करार अंधेरीच्या जे. बी. नगरमधल्या डिव्हाइनशी.

कुर्ला-अंधेरीची पोरं नासकडे का ओढली गेली, याचं उत्तर प्रश्न ६ मध्ये आहे. गाडी, बंगला, सोनं नसताना फक्त आपल्या गल्लीवर बोलून अल्बम होतो, हे त्यानं दाखवलं होतं.

१८. पैसा गाण्यांतून की धंद्यातून?

दोन्हीकडून, पण मोठी झेप गुंतवणुकीतली. क्वीन्सब्रिज व्हेंचर पार्टनर्स या नावानं त्यानं आणि त्याच्या व्यवस्थापकानं कॉइनबेस, ड्रॉपबॉक्स, लिफ्ट अशा कंपन्यांत लवकर पैसे लावले. त्यांनी पैसे लावलेल्या रिंग आणि पिलपॅक या दोन्ही कंपन्या २०१८ मध्ये अ‍ॅमेझॉननं घेतल्या. एकूण संपत्तीचे जे आकडे फिरतात ते अंदाज असतात, म्हणून इथे देत नाही.

१९. शाळकरी मुलांना ऐकवता येईल असं काही?

बहुतेक गाण्यांत शिव्या आणि हिंसा आहे. अपवाद 'आय कॅन', बीथोव्हनच्या 'फ्यूर एलीझ'वर बांधलेलं, मुलांच्या कोरससकट. फक्त त्यातला इतिहास परीक्षेत लिहू देऊ नका. इजिप्तमधल्या पुतळ्यांची नाकं सिकंदराच्या स्वारीत गोळ्या घालून उडवली असं त्यात सुचवलं आहे, आणि सिकंदराच्या काळी बंदुकीची दारूच नव्हती.

२०. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं कुठून करावी?

'इल्मॅटिक' आधी नको, नाहीतर प्रश्न ६ विचारणाऱ्यांत भर पडेल. आधी 'वन माइक' ऐका, आवाज कुजबुजीपासून ओरडण्यापर्यंत कसा चढतो ते पाहायला. मग 'रिवाइंड', ज्यात एका खुनाची गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे सांगितली आहे, गोळीसुद्धा उलटी बंदुकीत शिरते. मग आईच्या निधनानंतरचं 'डान्स'. तिथून 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड'वर या आणि शब्द समोर ठेवून ऐका. त्यापुढे 'इल्मॅटिक' पहिल्या ट्रॅकपासून, हेडफोन लावून. नंतर 'स्टिलमॅटिक', 'लाइफ इज गुड', 'किंग्ज डिझीज ३' या क्रमानं. 'नॅस्ट्राडेमस' राहून गेला तरी चालेल.